दहा फुटांवर एक वीत

पूर्णेला गाडी थांबली ती थांबलीच. तिथून पुढे परभणीकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीचा पत्ता नव्हता. सामना तीनला होता आणि फलाटावरच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. हिंगोलीच्या शाळेची सात पोरं आपापल्या पिशव्यांवर बसली होती. मधोमध व्यंकटराव मास्तर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, जणू पूर्णेला ते शेंगा खायलाच आले होते.

"गाडीला उशीर झाला तर बरंच हाये," मास्तर म्हणाले. "परभणीवाले वाट पाहून पाहून थकतील. निम्मं काम रेल्वेनंच करून ठेवलं, निम्मं तुमी करा."

पोरं हसली. सटवाजी हसला नाही. त्याची नजर घड्याळावर होती. गाडी उशिरा पोचली तर सामन्याआधी टोपलीत चार चेंडू टाकून बघायलाही मिळणार नाहीत, आणि ते चार चेंडू आज किती मोलाचे आहेत हे त्या सातांत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"सटवाजी," मास्तरांनी शेंगांची मूठ त्याच्यापुढे धरली, "हसायला तिकीट लागत न्हाई रे. घे."

त्याने शेंगा घेतल्या आणि तशाच हातात धरून ठेवल्या.

व्यंकटराव मास्तर अठरा वर्षं सिकंदराबादला पलटणीत होते. बास्केटबॉल ते तिथेच शिकले आणि तिथेच इतरांना शिकवूही लागले. पेन्शन घेऊन हिंगोलीला परत आल्यावर शाळेत ड्रिल मास्तर झाले. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे एकोणचाळीस साली, त्यांनी मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब उभे करून घेतले, वर फळ्या ठोकल्या, लोहाराकडून लोखंडी कड्या आणल्या आणि त्यांना सुतळीची जाळी विणली. गावाने या खेळाचं नाव टोपली ठेवलं. पंचक्रोशीत दुसरा संघ नव्हता, म्हणून पोरं आपसातच खेळत. मास्तर कडेला खुर्ची टाकून बसत आणि बसल्या जागेवरून बोलत. फुलसिंगाने चेंडू फळीवर आदळला की म्हणत, "फुलसिंग, ती टोपली हाये बाबा, पिकात शिरलेलं ढोर न्हाई." पुनमचंद धावता धावता थांबला की म्हणत, "दुकान उघडायला अजून वेळ हाये, शेट, पळा." त्यांना ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. चुकलेलं पोरगंसुद्धा हसत हसत परत जागेवर जायचं, आणि पुढच्या खेपेला ती चूक बहुधा करायचं नाही.

ते खांब उभे केले होते सटवाजीच्या बापाने. संतराम सुतार हा कमी बोलणारा, हाताने बारीक काम करणारा माणूस. मास्तरांनी कागदावर चित्र काढून दिलं होतं: कडी जमिनीपासून दहा फूट. खांब जमिनीवर आडवे टाकून संतरामने माप घेतलं, तेव्हा दुसरं टोक धरायला चौदा वर्षांचा सटवाजी होता. दहा फूट भरले. तिथे पेन्सिलीची खूण झाली. मग संतरामने त्या खुणेवर अंगठा ठेवला, करंगळीपर्यंत हात ताणला आणि एक वीत वर दुसरी खूण केली.

"बा, दहा तर झाले की," सटवाजी म्हणाला होता.

"झाले म्हणून तिथंच थांबायचं?" संतराम म्हणाला. "पुऱ्या आकड्यावर माप सोडलं की पुढं वाढ न्हाई. चौकट असू दे, पाळणा असू दे, वर थोडं ठेवायचंच. हा तर वाढत्या लेकरांचा खेळ हाये."

आजोबाही तसंच करत. सटवाजीला त्यात वावगं काही वाटलं नाही. खांब उभे राहिले, मास्तर आले, मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "संतराम, तुमचं माप म्हणजे सरकारी ठप्पा." हेडमास्तरांपुढेही त्यांनी हेच सांगितलं. तेव्हापासून शाळेची सगळी बाकं संतरामकडे येऊ लागली. गावातले लोकही दारं-खिडक्या सांगायला येत आणि ओट्यावर बसून म्हणत, "मास्तर म्हंतेत तुमच्या मापात केसाचा फरक निघत न्हाई." संतराम उत्तर देत नसे, पण त्या दिवशी जेवताना दोन शब्द जास्त बोले.

सगळं ठीक चाललं होतं, ते परभणीचं आमंत्रण येईपर्यंत. दहा दिवसांपूर्वी मास्तरांनी पोरांना मैदानात गोल बसवून नियम वाचून दाखवले. कडीच्या उंचीपाशी आल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

"दहा फूट. हैदराबादेत दहा, मुंबईत दहा, तिकडं अमेरिकेत बी दहाच. या खेळाची हीच मजा हाये. गाव बदलतं, जेवण बदलतं, पंच तर कुठं बी आंधळेच असतेत. टोपली तेवढी बदलत न्हाई. म्हणून भ्यायचं न्हाई. आपलीच टोपली परभणीत टांगलेली हाये असं समजायचं."

पोरांचा जीव भांड्यात पडला. सटवाजी मात्र मान वर करून कडीकडे बघू लागला.

त्या रविवारी संतराम एका बैलगाडीच्या कामाला कुरुंद्याला गेला होता. सटवाजीने शाळेतून चेंडू मागून आणला, घरामागच्या चिंचेला जुन्या पिंपाची कडी बांधली आणि बापाच्याच मापाने दहा फूट मोजले, वर काही न ठेवता. मग मैदानात तो जिथून नेहमी टाकायचा तेवढं अंतर पावलांनी मोजून उभा राहिला आणि चाळीस वेळा चेंडू टाकला. चाळिसांत तीन गेले. बाकीचे सगळे कडीच्या पलीकडच्या काठावर आपटले किंवा वरून निघून गेले. हात तोच होता, जोर तोच होता. चेंडू उतरताना तिरका उतरतो. कडी वीतभर खाली असली की तो तिथवर पोचेतो जवळजवळ तितकाच पुढे गेलेला असतो. हे त्याने आधी डोळ्यांनी पाहिलं, मग मातीत काडीने रेघ ओढून ताडून घेतलं. मग तो एक वीत मागे सरकला. पुन्हा चाळीस टाकले. सव्वीस गेले.

म्हणजे रोगही कळला होता आणि औषधही. फक्त सांगायचं राहिलं होतं. सोमवारी तो मास्तरांच्या खुर्चीजवळ गेला. ते म्हणाले, "काय रे, तुझ्या बापाला म्हणावं, परभणीहून आलो की एक लोड-तक्क्याची खुर्ची करून द्या, या खुर्चीत ढेकणं माझ्यापेक्षा सीनियर झालीत." पोरं खो खो हसली. सटवाजी परत गेला. मंगळवारी गेला, बुधवारी गेला. दर वेळी त्याला दिसायचा तो आपल्या घराचा ओटा आणि त्यावर बसून हसणारे लोक. दहा फूट मोजता येत नाहीत असा सुतार. शुक्रवार उजाडला आणि ते पूर्णेच्या फलाटावर येऊन बसले.

परभणीला पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टेशनवरून टांगे थेट मैदानावर. परभणीची पोरं पांढऱ्या बनियनांत ओळीने उभी होती, भोवती तीन-चारशे माणसं. हिंगोलीचा कप्तान सोनाजी, कुरुंद्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, पंचाकडे गेला आणि पाच मिनिटं हात मोकळे करायला मागितली. पंचाने घड्याळ दाखवलं.

"हात मोकळेच हायेत आपले," मास्तर म्हणाले. "मोकळ्या हातानं आलोय, जायचं बी मोकळ्या हातानं. मधी काय सापडलं तर घ्या."

शिट्टी झाली.

पहिला चेंडू गुलाबसिंगाला मिळाला. तांड्यावरचा हा पोरगा, फुलसिंगाचा थोरला भाऊ, संघात सगळ्यांत उंच. त्याने आपल्या ठरलेल्या जागेवरून टाकला. चेंडू छान वळण घेऊन गेला आणि पलीकडच्या काठावर आपटून परतला. मग सोनाजीचा तसाच. पुनमचंदाचा तर कडीला न शिवता गेला. लोक हसले. आपण गणित मांडावं, उत्तर यावं, आणि ते उत्तर आपल्याच माणसांच्या अंगावर एकेक करून पडताना बघत राहावं, तसं सटवाजीचं झालं होतं.

त्याच्याकडे चेंडू आला. पाय आपोआप एक वीत मागे सरकले. चेंडू जाळीतून गेला.

थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा.

"वा रे," सोनाजी धापा टाकत म्हणाला, "आज तुझ्याच हाताला यश हाये. तूच टाक."

ही शाबासकी त्याला चटक्यासारखी लागली. एकट्याला सगळे चेंडू मिळणार नव्हते. परभणीच्या पोरांनी तीन चेंडूंतच त्याला ओळखलं आणि दोघं त्याला चिकटले. फुलसिंग टाकत होता, चुकत होता, स्वतःच्याच मनगटाकडे बघत होता. दोन वर्षांत ज्या जागेवरून त्याचे दहातले सात जायचे, तिथून एकही जाईना. एकदा तर मोकळा असूनही त्याने चेंडू टाकला नाही, सोनाजीकडे ढकलून दिला. फुलसिंगाने कधी चेंडू सोडला नव्हता.

अर्धा वेळ संपला तेव्हा परभणी अठरा, हिंगोली सात. सातांतले सहा सटवाजीचे.

मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली पोरं येऊन बसली. कोणी पाण्याला हात लावेना. मास्तरांनी एकेकाकडे बघितलं.

"सुतकात हाव का?" ते म्हणाले. "अकराच तर हायेत मधी. अकरा म्हंजे काय, क्रिकेटवाल्यांना तर नुसतं उभं राहायला अकरा लागतेत."

कोणी हसलं नाही. फुलसिंग गुडघ्यांत डोकं घालून म्हणाला, "मास्तर, माझा हात गेला. मला बशीवा."

"एकाचा हात जाऊ शकतो," मास्तर म्हणाले. "चौघांचा एकाच दिवशी, एकाच बाजूला कसा जाईल? तुमचे सगळे चेंडू पलीकडं पडून राहिलेत. अलीकडं एक बी न्हाई." मग ते सटवाजीकडे वळले. आवाज तोच होता, गमतीचा, फक्त थोडा हळू. "आन तू रे? टाकायच्या आधी मागं मागं काहून सरकून राहिला? पायाखाली काटे हायेत का?"

सटवाजीने फुलसिंगाकडे पाहिलं. गुडघ्यांत घातलेली ती मान त्याला बघवेना.

"मास्तर, आपली टोपली वीतभर उंच हाये," तो म्हणाला.

"कोण म्हंतंय?"

"मी धरलं व्हतं माप. बानं दहा मोजले आन वर एक वीत ठेवली. पुऱ्या मापावर सोडायचं नसतंय म्हून. मला वाटलं न्हाई काही व्हईल. तुमी नियम वाचले तवा कळलं. मी चिंचेला कडी बांधून पाहिलं. एक वीत मागं उभं राहिलं की बराबर जातंय."

सोनाजीने वळून मैदानावरच्या टोपलीकडे पाहिलं.

"दहा दिवस," फुलसिंग डोकं वर करून म्हणाला. "दहा दिवस ठाऊक व्हतं तुला. आन आत्ता तू एकटाच मागं सरकत व्हतास. मी इथं हात तोडून घ्यायला निघालो व्हतो."

गुलाबसिंगाने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, पण तोही सटवाजीकडे बघेना.

मास्तर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सटवाजीला ओळखता आलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांना बोलायला शब्द शोधावा लागत होता.

"अठरा वर्षं पलटणीत काढली," ते शेवटी म्हणाले. "बंदूक हातात आली की आधी मोजून तपासायची, हे शिकवण्यात गेली. आन दोन वरीस त्या टोपलीखाली खुर्ची टाकून बसलो, एकदा बी माप लावलं न्हाई. संतरामनं आपल्या रीतीनं केलं. बघायचं काम माझं व्हतं. फुलसिंग, चिडायचं तर माझ्यावर चिड. पण वीस मिनटांनी चिड, आता टाइम न्हाई." त्यांनी वाकून मातीवर पंजा पसरला. "बघा. एवढं मागं. आपापल्या जागेवरून एवढंच. गुलाबसिंग, तुझी वीत म्हंजे हातभर असती, तू मोजू नको, सटवाजीला विचार. जोर तोच ठेवायचा. टोपलीखाली असाल तर फळीला वीतभर खाली मारायचं. समजलं?"

"समजलं," सोनाजी म्हणाला.

"न्हाई समजलं तरी चालंल. पाय समजून घेतेत."

दुसऱ्या अर्ध्यात हिंगोलीचा पहिला चेंडू सोनाजीने टाकला. गेला. दुसरा गुलाबसिंगाचा, काठावर दोनदा नाचून आत पडला. फुलसिंगाला चेंडू मिळाला तेव्हा त्याने पायाकडे पाहिलं, मागे सरकला, आणि टाकला. जाळी हलली. तो हसला नाही. परत धावताना सटवाजीच्या बाजूने मान फिरवून गेला. मात्र पुढच्या वेळी सटवाजी मोकळा दिसला तेव्हा चेंडू त्याने सरळ त्याच्याच हातात दिला.

फरक अकरावरून सहावर आला, सहावरून चारवर. वेळ पाण्यासारखा जात होता. शेवटच्या मिनिटाला तीन गुणांचा फरक होता आणि चेंडू सटवाजीच्या हातात. तो मागे सरकला, पण त्याच्यावर धावून आलेल्या पोराने हात मधे घातला. शिट्टी झाली, ती सामना संपल्याची.

पंचवीस–बावीस.

परभणीचे लोक आपल्या पोरांना खांद्यावर घेत असताना तिथले वयस्क मास्तर व्यंकटरावांकडे आले. सोबत तालीमखात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, एक साहेब होते.

"अजीब बात है, मास्टरजी," साहेब म्हणाले. "पहले हाफ में लगता था, किसी ने खेल सिखाया ही नहीं. दूसरे में क्या जादू किया?"

सातही पोरं ऐकत होती. सटवाजीची नजर मास्तरांच्या तोंडाकडे होती. मास्तरांना गमतीची संधी कधी सोडता आली नव्हती, आणि इतकी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. वाढत्या लेकरांसाठी वीतभर वर ठेवणारा सुतार. साहेब ती गोष्ट औरंगाबादपर्यंत नेतील.

"साहेब, रेल में मूँगफली ज़्यादा खा ली थी इन लोगों ने," मास्तर म्हणाले. "आधा टाइम पेट में उतरने में गया."

साहेब हसत हसत गेले.

रात्र धर्मशाळेत काढून दुसऱ्या दिवशी ते परत निघाले. गाडीत मास्तर खिडकीशी बसून झोपले, निदान डोळे मिटून होते. त्यांनी पोरांना कोणाला सांगू नका असं म्हटलं नव्हतं. सटवाजी वाट बघत होता की ते म्हणतील. सात तोंडं होती. पुनमचंदाचं तर घरच बाजारात होतं, दिवसभर माणसांचा राबता. वसमत गेलं, औंढ्याच्या बाजूचे डोंगर दिसायला लागले, आणि त्याला वाटलं, गाडी पूर्णेला थांबली तशी आता कुठेतरी थांबावी.

हिंगोलीच्या फलाटावर दुपारच्या उन्हात संतराम उभा होता. तो कधी स्टेशनवर येत नसे. डोक्याला धुतलेला रुमाल बांधून आला होता.

"हारलो, संतराम," मास्तर उतरताच म्हणाले. "तीननं. पण पोरं वाघासारखी खेळली."

"असू द्या," संतराम म्हणाला. मग जरा संकोचून, ज्यासाठी तो आला होता ते त्याने विचारलं. "त्यांची टोपली आपल्यासारखीच हाये का?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सोनाजी पिशवीची दोरी बांधू लागला. फुलसिंग सटवाजीकडे बघत होता, काल दुपारपासून पहिल्यांदाच सरळ. त्या नजरेत राग नव्हता. तो नुसता थांबला होता.

मास्तर काहीतरी गमतीचं बोलून हे निभावून नेतील, हे सटवाजीला कळत होतं. त्याआधीच तो बोलला.

"न्हाई, बा. आपली उंच हाये. त्यांची दहावरच हाये. समद्या जगात दहावरच असती. त्यानं आमचे चेंडू जाईनात."

संतराम त्याच्याकडे बघत राहिला. मग मास्तरांकडे.

"मी ठेवली व्हती वीतभर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात शरम नव्हती, फक्त नवल होतं. "ठेवायचीच असती. तुमी मला सांगितलं न्हाई मास्तर, की याच्यात ठेवायची नसती."

"न्हाई सांगितलं," मास्तर म्हणाले. "आन नंतर बघितलं बी न्हाई. चूक माझी, संतराम."

"तीननंच ना?"

"तीननं."

संतरामने मान हलवली. "उद्या सकाळी येतो," एवढंच बोलून तो वळला आणि चालू लागला. पोरं पांगली. फुलसिंग जाता जाता सटवाजीला म्हणाला, "सोमवारी मैदानात ये टायमावर," आणि भावाच्या मागे पळाला.

सटवाजी बापाच्या मागून निघाला. मोंढ्याच्या रस्त्याला हळदीने भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यामधून संतराम न थांबता जात होता. त्याची पाठ ताठ होती, आणि सटवाजीला पाठीवरून काही वाचता येईना. हाक मारावी असं दोनदा वाटलं, दोन्ही वेळा धीर झाला नाही.

शेवटच्या गाडीपाशी संतराम मागे न बघताच बोलला.

"तुला कवापासून ठाऊक?"

"तवापासून. पण बिघडतंय हे दहा दिवस झाले."

"आन दहा दिवस माझ्यासंगं जेवत व्हतास."

"लोक हसतील म्हून, बा. तुमाला."

संतराम बरंच अंतर तसाच चालत राहिला. मग वळणावर, जिथून घराची गल्ली लागते, तिथे तो थांबला आणि पोरगं जोडीला येईपर्यंत उभा राहिला.